थेलेमाचा अभ्यास कुठून सुरू करावा? वाचकांच्या पत्रांना उत्तरं

मागच्या अंकात टॅरोच्या पत्त्यांविषयी एका वाचकाला उत्तर देताना इंग्रज गूढवादी ॲलिस्टर क्रोली आणि त्याने काढलेला थेलेमा हा साधनेचा पंथ यांचा एका ओळीत उल्लेख झाला. त्या ओळीवर पत्रं आली, आणि बहुतेक आपल्याच भागातून आली. मी तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होते, आता निवृत्त आहे. या विषयाची पुस्तकं तरुणपणापासून वाचत आले, त्यातल्या काही साधना रोज करते. दीक्षा मी देत नाही, कोणाकडे पाठवतही नाही. वाचलेलं आणि करून पाहिलेलं तेवढं सांगते.

मोबाइलवर थेलेमाचे व्हिडिओ पाहतो. कोणी त्याला सैतानाची पूजा म्हणतं, कोणी जगातलं सगळ्यात मोठं गुपित. मला नीट शिकायचं आहे. इंग्रजी बेताचं आहे. काय वाचू?
– बी.ए.चा विद्यार्थी, पुसद तालुका

बाळा, आधी माणूस समजून घे. क्रोलीचा जन्म १२ ऑक्टोबर १८७५ चा, इंग्लंडमधल्या लेमिंग्टन स्पा गावचा. घरचे प्लिमथ ब्रदरन या फार कडक ख्रिस्ती पंथाचे, वडील धर्मप्रचार करत हिंडायचे. हा केंब्रिजला शिकला, कविता करायचा, डोंगर चढायचा. नोव्हेंबर १८९८ मध्ये लंडनच्या ‘गोल्डन डॉन’ या गुप्त मंडळात त्याने प्रवेश घेतला. हे मंडळ १८८८ मध्ये निघालं होतं, कवी डब्ल्यू. बी. येट्सही त्यात होता. कब्बाला म्हणजे ज्यूंची गूढविद्या, टॅरो, ज्योतिष, देवदूतांची नावं, दिशांचे विधी हे सगळं तिथे एका क्रमाने शिकवलं जायचं. आज जिला पाश्चात्त्य गूढविद्या म्हणतात तिचं बरंचसं भांडवल तिथलंच आहे.

एप्रिल १९०४ मध्ये क्रोली बायको रोझबरोबर कैरोत होता. ८, ९ आणि १० तारखेला, रोज दुपारी बारा ते एक, ऐवास नावाची वाणी आपल्याला मजकूर सांगत होती आणि आपण तो उतरवून घेतला, असं त्याचं सांगणं आहे. त्यातून ‘बुक ऑफ द लॉ’ झालं. तीन अध्याय, २२० वचनं. पहिल्या अध्यायात नुइट बोलते, ती आकाशाची देवी. दुसऱ्यात हदीत, प्रत्येकाच्या आतला बिंदू. तिसऱ्यात रा-हूर-खुइट, ससाण्याच्या तोंडाचा युद्धदेव. वाणी बाहेरची की त्याच्याच मनाच्या तळातली, हे तुला आत्ता ठरवायची गरज नाही. अनेक वर्षं वाचूनही मी ते ठरवलेलं नाही.

सैतानाची पूजा त्या पुस्तकात नाही. पण लहानपणी आईने रागाने ‘बायबलातलं श्वापद’ म्हटलेलं क्रोलीने पुढे बिरुदासारखं लावलं, ६६६ हा आकडा सहीत वापरला, आणि वर्तमानपत्रांनी त्याला सैतान करून टाकलं. तुझ्या व्हिडिओवाल्यांचं अर्धं दुकान तिथूनच चालतं.

आता वाचनाचा क्रम. पहिल्यांदा त्याचं एखादं चरित्र वाच, भक्ताने लिहिलेलं नको आणि वैऱ्याने लिहिलेलंही नको. मग ती २२० वचनं एकट्याने, मोठ्याने, सलग वाच. शब्दकोश जवळ ठेव, पण पहिल्या वाचनात उघडू नकोस. दुसऱ्या अध्यायात दुबळ्यांवर दया करू नका अशी वचनं आहेत, तिसऱ्यात रक्त आणि युद्ध. ती मला आजही पटत नाहीत आणि मी ती गोड करून सांगणार नाही. त्यानंतर क्रोलीच्याच ‘बुक फोर’चा पहिला भाग घे. त्यात यम, नियम, आसन, प्राणायाम, धारणा, ध्यान यांचीच फोड आहे, कारण १९०१ मध्ये सिलोनच्या कँडी गावात ॲलन बेनेट या मित्राकडे राहून क्रोली योग शिकला होता. बेनेट पुढे ब्रह्मदेशात बौद्ध भिक्खू झाला. या भागात तुझं इंग्रजी अडलं तरी विषय अडणार नाही, एवढी ही जमीन आपल्या ओळखीची आहे. कब्बालेचं झाड, म्हणजे दहा स्थानं आणि बावीस वाटा, नंतर हाताने कागदावर काढून शिक. छापील चित्र पाहून ते डोक्यात बसत नाही.

क्रोली १ डिसेंबर १९४७ ला वारला, त्यामुळे त्याच्या हयातीत छापलेल्या त्याच्या पुस्तकांचा स्वामित्वहक्क भारतात संपला आहे. ती फुकट आणि कायदेशीर मिळतात. या अभ्यासाला पैसे लागत नाहीत.

मात्र एक दोनशे पानी वही आजच घे. क्रोलीच्या पद्धतीतलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच: जे करशील त्याची रोज नोंद. तारीख, वेळ, हवा, पोट भरलेलं होतं की रिकामं, काय केलं, किती वेळ टिकलं, मन कुठे पळालं. सातबाऱ्यावर पेरा लिहितात तसं, शेतात उभं आहे तेच लिहायचं. त्याच्या नियतकालिकाचं ब्रीदच होतं की पद्धत विज्ञानाची आणि ध्येय धर्माचं. वही नसेल तर माणूस आठवणीवर चालतो, आणि आठवण आपल्याला हवं तेच दाखवते. दृष्टान्त झाला असं वाटलं तरी तो वहीत उतरव आणि पंधरवड्याने परत वाच. बरेच दृष्टान्त या दुसऱ्या वाचनात उरत नाहीत. जे उरतात त्यांच्यासाठीच हा सगळा खटाटोप.

ताई, माहा पोरगा अमरावतीले शिकाले होता, आता घरी हाये. रात्री बाराले उठते, चारही बाजूंले तोंड करून हातानं हवेत चांदनी काढते अन् कायतरी म्हनते. शेजारीन म्हनते, करनी शिकून रायला. मले लय भेव लागते. त्याले भगताकडे न्यावं का?
– एक आई, दर्यापूर तालुका

माउली, भगताकडे नेऊ नका. तुमचा मुलगा जे करतो ते गोल्डन डॉन मंडळाने नवशिक्यांना दिलेलं पंचकोनी ताऱ्याचं कर्म आहे. पूर्वेला रॅफेल, पश्चिमेला गॅब्रिएल, दक्षिणेला मायकेल, उत्तरेला युरिएल असे चार देवदूत उभे आहेत अशी कल्पना करून जागा स्वच्छ करायची, एवढाच त्याचा हेतू. आपल्याकडे कवच-स्तोत्राच्या आधी न्यास करतात आणि दिग्बंध म्हणतात, त्याच घरातली ही रीत. करणीला दुसऱ्या कोणाचं नाव लागतं, केस लागतात, लिंबू लागतं. या कर्मात दुसरा माणूसच नाही.

रात्री बाराचं कारणही सांगते. क्रोलीने सूर्याला दिवसातून चारदा नमन करायला सांगितलं आहे, त्यातली एक वेळ मध्यरात्र. मी स्वतः ती झोपायच्या आधी उरकते. मुलालाही तसंच करायला माझ्या नावाने सांगा, तरुण जिवाला झोप लागते.

तुम्ही दुसरंच पाहा. जेवतो का? अंघोळ करतो का? मित्रांशी बोलतो का? शेतात नाहीतर अभ्यासात हात घालतो का? हे सगळं नीट असेल तर त्याला शेजारी बसवा आणि म्हणा, ‘बाप्पा, मले समजावून सांग तू काय करतं ते.’ आईला समजावता आलं तर त्याला स्वतःला ते कळलं, असं मी मानते. पण तो कित्येक रात्री झोपलाच नसेल, नसलेले आवाज ऐकत असेल, घरच्यांवर संशय घेत असेल, तर हा प्रश्न पुस्तकांचा राहत नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय विचारा किंवा १४४१६ या सरकारी टेलीमानस क्रमांकावर फोन करा, फुकट आहे. तोवर त्याच्या साधना पूर्ण बंद ठेवा.

आणि भूत उतरवतो म्हणून कोणी तुमच्या लेकराला बांधलं, मारलं, मिरचीचा धूर दिला, तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं कैदेचा. शेजारणीलाही हे सांगा.

‘वाटेल ते कर’ हा कसला धर्म? सगळे असे वागले तर गावात कोण कोणाचं ऐकेल? नातू हे वाचतो म्हणून विचारतो. संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला माझ्यासोबत खंजिरी घेऊन बसायचा, आता येत नाही.
– भजनी मंडळातले एक आजोबा, तिवसा तालुका

काकाजी, नमस्कार. तुम्ही ऐकलेलं वचन असं आहे: ‘तुझी इच्छा असेल ते कर, हाच सगळा नियम.’ त्याच पुस्तकात थोडं पुढे म्हटलं आहे की आपली इच्छा पार पाडण्याखेरीज माणसाला दुसरा हक्कच नाही. ही दोन वचनं जोडून वाचली की मोकळीक कुठल्या कुठे जाते. मनात येईल ते करायला ज्याला हक्क नाही, त्याने आधी आपण कशासाठी जन्मलो ते शोधायचं आणि मग बाकीचं सोडायचं. पुस्तक म्हणतं, प्रत्येक पुरुष आणि प्रत्येक स्त्री एक तारा आहे. तारे आपापल्या कक्षेत फिरतात म्हणून आदळत नाहीत. तुमच्या प्रश्नाला, म्हणजे गावात कोण कोणाचं ऐकेल याला, त्यांचं उत्तर हे आहे. मला ते पूर्ण पुरतं असं वाटत नाही, कारण आपली कक्षा कोणती हे माणसाला फार उशिरा कळतं आणि तोवर धक्के बसतातच. पण ते स्वैराचाराचं उत्तर नक्की नाही.

हा विचार क्रोलीच्या आधीचा आहे. १५३४ च्या सुमाराला फ्रान्सच्या राब्लेने एका कादंबरीत थेलेम नावाचा मठ रंगवला, त्याला एकच नियम होता आणि तो हाच. क्रोलीने त्याला शिस्त जोडली, आणि ती शिस्त सोपी नाही. एका साधनेत ठरावीक दिवस ‘मी’ हा शब्दच उच्चारायचा नाही. करून पाहिलं तर दुपारपर्यंत कळतं की आपल्या तोंडावर आपला किती ताबा आहे. त्याने मात्र प्रत्येक चुकीला वस्तऱ्याने हातावर चिरा घ्यायला सांगितलं. हे कोणीही करू नये, नातवाला माझ्या वतीने बजावून सांगा. मी चुकीला वहीत एक उभी रेघ मारते. तेवढी पुरते.

गीतेतल्या स्वधर्माशी हे जुळतं का, असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलं आहे. जवळ येतं. परधर्मापेक्षा स्वधर्म बरा, हे सांगताना गीता माणसाला त्याच्या कामाशी बांधते, तसंच इथेही आहे. पण आपल्या परंपरेत स्वधर्म बराच काळ जातीवर्णाने ठरवला गेला, आणि थेलेमात जन्माचा काही संबंध नाही. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. गाडगेबाबांच्या आणि तुकडोजी महाराजांच्या जिल्ह्यात तो वेगळा समजावून सांगायला नको.

प्रार्थना सोडायला कोणत्याही पुस्तकाने सांगितलेलं नाही. त्या वचनाचा जोड भाग आहे: ‘प्रेम हा नियम, इच्छेच्या अधीन असलेलं प्रेम.’ नातवाला खंजिरीची ओढ असेल तर तो येईल. बळजबरी करू नका, फक्त त्याची जागा मोडू नका.

या विषयात बायांची नावं कोणाची तरी शिष्या किंवा माध्यम म्हणूनच येतात. मुलीनं यात पडावं का?
– बी.एस्सी. झालेली मुलगी, लाखनी तालुका

ताई, तुझ्या पत्राची मी वाट पाहत होते.

गोल्डन डॉनमध्ये बायकांना पुरुषांच्या बरोबरीने प्रवेश होता. १८८८ मध्ये तिथे पहिली दीक्षा झाली ती मोइना मॅथर्सची. फ्लॉरेन्स फार ही नटी पुढे लंडनची सूत्रं सांभाळत होती. कैरोचं तर रोझशिवाय घडलंच नसतं. इजिप्तचा देव होरस तुझी वाट पाहतो आहे, असं नवऱ्याला तिने सांगितलं. त्याने खात्रीसाठी तिला संग्रहालयात नेलं, तर तिने नेमका एक मृत्युलेख दाखवला. आंख-एफ-एन-खोन्सू या पुजाऱ्याचा तो रंगवलेला लाकडी फलक, संग्रहातला क्रमांक ६६६. तिला इजिप्तच्या देवांचा अभ्यास नव्हता, असं क्रोलीच सांगतो.

आणि पुढे तिचं काय झालं? १९०६ मध्ये त्यांची तान्ही मुलगी रंगूनला विषमज्वराने गेली. रोझ दारूत बुडाली. १९०९ मध्ये घटस्फोट झाला आणि १९११ मध्ये तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं. पंथाच्या गौरवाच्या पुस्तकांत हा भाग चार ओळींत संपतो. मी कोणालाही क्रोली वाचायला सांगते तेव्हा रोझचं हे आयुष्यही सोबत वाचायला सांगते. तसंच कांचनगंगेच्या चढाईचं: १ सप्टेंबर १९०५ ला हिमलोटात पाश नावाचा स्विस गिर्यारोहक आणि तीन हमाल गाडले गेले, वरच्या तंबूत असलेला क्रोली त्या संध्याकाळी मदतीला उतरला नाही. सिसिलीत चेफालूला त्याने १९२० मध्ये आपला मठ काढला. तिथे १९२३ मध्ये राऊल लव्हडे हा तरुण शिष्य आजारी पडून मेला आणि मुसोलिनीच्या सरकारने क्रोलीला देशाबाहेर काढलं. दम्यासाठी डॉक्टरने दिलेलं हेरॉइन त्याला शेवटपर्यंत पुरतं सुटलं नाही. हे माहीत असूनही त्याचे योगावरचे आणि नोंदींवरचे धडे मला उपयोगी पडतात. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच वहीत राहू शकतं.

पामेला कोलमन स्मिथचंही नाव लक्षात ठेव. १९०९ चा जो टॅरोचा संच आज सगळीकडे दिसतो त्याची चित्रं तिची. काम मोठं आणि पैसा अगदी थोडा, असं तिने एका पत्रात लिहिलं, आणि संचाला नाव लागलं ते प्रकाशकाचं आणि संच आखणाऱ्या वेटचं. क्रोलीचा टॅरो १९३८ पासून पाचेक वर्षं खपून फ्रीडा हॅरिसने रंगवला. पत्ते छापून लोकांच्या हाती पडले १९६९ मध्ये. तोवर दोघंही गेलेले होते.

तेव्हा पड, जरूर पड. तुझ्या शास्त्राच्या शिक्षणाचा इथे फायदाच आहे, प्रयोगवही तुला लिहिता येते. पण एक गोष्ट ठाम सांगते. या परंपरेच्या वरच्या पायऱ्यांवर कामविधींची शिकवण आहे. जो कोणी ती पहिल्याच महिन्यात तुझ्यापुढे काढेल, तुला ‘शक्ती’ किंवा ‘स्कार्लेट वुमन’ (क्रोलीच्या विधीतल्या जोडीदारणीचं नाव) म्हणेल, एकटीला बोलावेल, तिथून उठून ये. त्याचं तोंडदेखलं ज्ञान कितीही मोठं वाटलं तरी.

व्हॉट्सॲपवरच्या एका ‘लॉज’ने पहिल्या दीक्षेसाठी पंधरा हजार मागितले. फोटो, जन्मवेळ पाठवा, घरी सांगू नका, म्हणाले. सोयाबीनचे पैसे आलेले आहेत. देऊ का?
– शेतकरी, वाशीम जिल्हा

भाऊ, एक रुपया देऊ नका. क्रोलीने १९०७ मध्ये जॉर्ज सेसिल जोन्सबरोबर काढलेल्या ए.ए. या संघात शिकवणुकीचे पैसे घ्यायला मनाईच आहे. ओ.टी.ओ. या थेलेमाच्याच दुसऱ्या संघात वर्गणी असते, पण दीक्षा अठरा वर्षं पूर्ण झालेल्यालाच आणि समोरासमोर मिळते. फोनवरची दीक्षा त्यांच्या कोणत्याही रीतीत बसत नाही. शिवाय ‘बुक ऑफ द लॉ’च्या १९२५ च्या छोट्या टिपणात स्पष्ट म्हटलं आहे की अर्थाचे प्रश्न ज्याने त्याने मूळ लिखाण पाहून आपल्यापुरते सोडवावेत. तुमच्या इच्छेचा अर्थ दुसरा कोणी विकूच शकत नाही. पैसे आधीच गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा आणि ठाण्यात तक्रार द्या.

रिद्धपूरच्या महानुभाव पोथ्या सकळ लिपीत लिहीत, ती पंथाबाहेर कोणाला वाचता येत नसे. पाश्चात्त्यांकडे असं काही होतं का?
– मोर्शी तालुक्यातले एक वाचक

होतं. गोल्डन डॉनच्या सगळ्या विधींचा पाया म्हणजे काही सांकेतिक लिपीतली पानं. त्यांची लिपी ट्रिथेमियस या जुन्या जर्मन मठाधिपतीच्या पुस्तकातली निघाली आणि १८८७ च्या सुमाराला मंडळाच्या संस्थापकांपैकी वेस्टकॉटने ती उलगडली. पानं कुठून आली यावर अभ्यासक अजून भांडतात. महानुभावांची सकळ लिपी इतिहासाचार्य राजवाड्यांनी सोडवली आणि जुन्या मराठी गद्याचं दालन सगळ्यांना उघडलं. तिकडे क्रोलीचा एकेकाळचा सचिव इस्रायल रिगार्डी याने १९३७ ते १९४० मध्ये गोल्डन डॉनचे विधी छापून टाकले. शपथ मोडली म्हणून त्याला शिव्या बसल्या, पण त्या चार खंडांमुळेच माझ्यासारख्या तालुक्याच्या गावच्या बाईला ही विद्या वाचता आली. मी रिगार्डीच्या बाजूची आहे.

सूर्याच्या चार नमनांत दुपारी दक्षिणेकडे तोंड करायला सांगितलं आहे. मे महिन्यात आमच्या अंगणात बाराला सूर्य दक्षिणेला दिसतच नाही. मग तोंड कुठे करायचं?
– जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक, राळेगाव तालुका

सर, फार चांगलं पाहिलंत. पहाटे पूर्वेला रा, दुपारी दक्षिणेला अहाथूर, मावळतीला पश्चिमेला तूम, मध्यरात्री उत्तरेला खेफ्रा असा इजिप्तच्या देवांच्या नावांनी तो क्रम आहे. लिहिणारा इंग्रज. त्याच्या देशात दुपारचा सूर्य बाराही महिने दक्षिणेला असतो. विदर्भात मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य थेट डोक्यावर. तिथपासून जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो. शिवाय आपली खरी माध्यान्ह घड्याळाच्या बाराला होत नाही. प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि तुम्ही ७८ अंशांच्या जवळ, म्हणून मे महिन्यात ती सव्वाबाराच्या आसपास पडते.

दक्षिण ही त्या विधीत अग्नीची दिशा आहे, म्हणून मी तोंड वर्षभर दक्षिणेलाच ठेवते आणि मन डोक्यावरच्या सूर्याकडे. उन्हाळ्यात मात्र उंबऱ्याच्या आत, सावलीत उभी राहते. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात उघड्या डोक्याने उभं राहायला कोणत्याही ग्रंथाने सांगितलेलं नाही. तुम्ही सूर्याकडे तोंड करायचं ठरवलंत तर त्या दोन महिन्यांपुरतं उत्तरेकडे करा आणि वहीत तसं लिहून ठेवा. दोन्हींत काय फरक पडतो ते मला नक्की कळवा, पुढच्या उन्हाळी अंकात छापू.